एल्क फुकट, वाट विकत

दिवाळीच्या आसपास आमच्या शेजाऱ्यांकडून एक पुडकं येतं. जाड पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, दगडासारखं गोठलेलं, वर काळ्या मार्करने 'एल्क, खिमा' आणि खाली वर्ष. आम्ही कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो, तासाभरात गाडी वायोमिंगच्या हद्दीत शिरते. शेजारी एकाहत्तर वर्षांचे निवृत्त इलेक्ट्रिशियन आहेत. राहतात कोलोरॅडोत, पण शिकारीला चाळीस वर्षं वायोमिंगलाच जातात, कारण वडील तिथे न्यायचे. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, पण अंगाने दांडगा. मोठा नर तीनशे किलोच्या पुढे जातो.

पहिल्या वर्षी मी तो खिमा मटणाच्या खिम्यासारखाच केला आणि पातेल्याला लावला. चरबी जवळजवळ नसतेच. आता तेल सढळ हाताने घालतो, कांदा दुप्पट, आपला कांदा-लसूण मसाला, आणि झाकण ठेवून मंद आचेवर. एकदा मी त्यांना पैसे देऊ केले. ते हसले आणि म्हणाले, "घेतले तर मला दंड होईल."

ते थट्टा करत नव्हते. अमेरिकेत रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही. वाटता येतं, खाता येतं, शेजाऱ्याला देता येतं, विकता येत नाही. तरीही हे पुडकं माझ्या हाती येईपर्यंत त्यांच्या खिशातून किती जातं, हे त्यांनी एकदा पॅडवर लिहून दाखवलं, आणि मटणाचा भाव मला एकदम स्वस्त वाटायला लागला. ज्या प्राण्याची किंमत कायद्याने शून्य आहे, त्याची शिकार इतकी महाग कशी झाली?

आधी कायदा असा का, ते

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रानातलं जनावर मारून बाजारात विकणं हा रीतसर धंदा होता. रेल्वे आली, बर्फात भरून मांस शहरात जाऊ लागलं. बायसन या अमेरिकी गव्यांचे कळप कातड्यांसाठी संपले. आभाळ झाकून टाकणारा पॅसेंजर पिजन इतका मारला गेला की त्या जातीतला शेवटचा पक्षी १९१४ साली प्राणिसंग्रहालयात मेला. युरोपीय लोक येण्याआधी एल्क एक कोटीच्या आसपास असावेत असा अंदाज सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लाखभर उरले होते.

तेव्हा शिकाऱ्यांनीच आरडाओरडा केला. १९०० साली आलेल्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेली जनावरं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन विकायला बंदी केली. राज्यांनी परवाने आणि हंगाम ठरवले. त्यामागचा विचार असा की रानातलं जनावर जमीनमालकाचं नाही, सगळ्या जनतेचं आहे, आणि राज्य सरकार त्याचं राखणदार आहे. युरोपात हरीण राजाचं किंवा जमीनदाराचं असायचं. अमेरिकेत ते कुणाच्याही शेतात उभं असलं तरी त्याचं नाही.

पुढे १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. रायफल, बंदुका आणि काडतुसांवरच्या कराची (आता तो अकरा टक्क्यांपर्यंत आहे) रक्कम वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागली. मुख्य अट अशी, की परवान्यांतून आलेला पैसा दुसरीकडे वळवायचा नाही. आज एल्क दहा लाखांच्या आसपास आहेत ते या व्यवस्थेमुळे. गोळी घालणाऱ्याच्याच पैशातून जनावर वाढवायचं, हे आपल्याकडे ऐकायला विचित्र वाटतं. मलाही वाटायचं.

या विचाराची खूण परवान्याच्या दरात अजून दिसते. मोंटानाच्या रहिवाशाला एल्कचा परवाना २० डॉलरला मिळतो, वायोमिंगच्या रहिवाशाला ५७ डॉलरला. दोन मोठ्या पिझ्झांच्या पैशांत शंभर किलोच्या आसपास मांस घरी येऊ शकतं.

म्हणजे जनावर अजूनही सगळ्यांचं आहे. पण ते विकायला बंदी झाली म्हटल्यावर बाजार त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर जाऊन बसला. वाट म्हणजे रांगेतला नंबर, फाटकाची किल्ली, सोबतचा वाटाड्या, हातातला नकाशा. यातलं काहीही जनावर नाही, त्यामुळे हे सगळं विकता येतं.

म्हाडाची सोडत, फक्त हरणांसाठी

परवान्याला तिकडे टॅग म्हणतात. एक टॅग, एक जनावर. कुठल्या भागात किती टॅग द्यायचे हे राज्याचं वन्यजीव खातं कळपाची गणती पाहून ठरवतं. मागणारे जास्त, टॅग कमी, म्हणून सोडत काढतात. ज्यांनी म्हाडाच्या घरासाठी अर्ज भरलाय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको.

फरक इतकाच, की इथे नंबर लागला नाही तर बऱ्याच ठिकाणी पुढच्या वर्षासाठी एक गुण मिळतो. जितके गुण जास्त तितका नंबर पुढे. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्यांसाठी एल्कचे तीन चतुर्थांश टॅग सर्वाधिक गुणवाल्यांना जातात आणि उरलेला पाव हिस्सा सरळ नशिबावर. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. दरवर्षी रांगेत उभं राहा, कधीतरी नंबर येईल.

पण ही रांग पुढे सरकत नाही. समजा एका भागात वर्षाला पन्नास टॅग आहेत आणि सर्वात जास्त गुण असलेले चारशे लोक आहेत. ते चारशे निपटायला आठ वर्षं लागतात. त्या आठ वर्षांत मागचे लोक गप्प बसत नाहीत, त्यांचेही आठ गुण वाढतात. तुमच्याकडे पाच गुण असताना सहा लागत होते, तुमचे सहा झाले तर आता सात लागतात. कोलोरॅडोतल्या काही नावाजलेल्या भागांत नंबर लागायला वीसहून जास्त गुण लागतात. तिशीत अर्ज भरायला सुरुवात केलेला माणूस डोंगर चढायला लागेपर्यंत पन्नाशी उलटलेली असते.

यात भर घातली ती सोयीने. पूर्वी कोलोरॅडोत मूस या दांडग्या हरणाच्या किंवा डोंगरी मेंढ्याच्या सोडतीचा अर्ज करताना टॅगची पूर्ण रक्कम आगाऊ भरावी लागे. बाहेरच्याला त्यासाठी दोन हजार डॉलरच्या आसपास महिनोन्महिने अडकवून ठेवावे लागत. २०१८ साली ही अट काढली, अर्ज ऑनलाइन झाला, आणि अर्जांचा पूर आला. शिवाय चार-पाच राज्यांत एकदम तुमच्या नावाने अर्ज भरणाऱ्या आणि कुठल्या भागात किती गुणांना नंबर लागतो त्याचं गणित विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे आरटीओबाहेर बसतात तसे एजंट, पण लॅपटॉपवाले. लोकसंख्येच्या मानाने अमेरिकेत शिकारी कमी होत चाललेत, तरी पश्चिमेतला टॅग मिळणं अवघड होत चाललंय, ते यामुळे. एकच माणूस पाच रांगांत उभा आहे.

मग राज्यांनी दुसरी रांग काढली. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांसाठी एल्क टॅगचे दोन दर आहेत. साधा ६९२ डॉलर, आणि 'स्पेशल' २०२४ पासून १,९५० डॉलर. त्याआधी तो १,२६८ होता. टॅगचा प्रकार तोच, एल्क तेच, डोंगर तोच. जास्त पैसे भरणाऱ्यांची टोपली वेगळी असते आणि तिच्यात गर्दी कमी, म्हणून नंबर लागायची शक्यता जास्त. देवळात पैसे भरून दर्शनाची वेगळी रांग असते ना, तीच कल्पना. शेजाऱ्यांनी दोनदा महागड्या रांगेत पैसे भरले आणि दोन्ही वेळा त्यांचा नंबर लागला. "लाच दिल्यासारखं वाटलं," ते म्हणाले, "फक्त पावती मिळाली."

बाहेरच्यांना जास्त दर लावणं कायदेशीर आहे का, हा प्रश्न फार पूर्वी सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय. १९७६ मध्ये मोंटानाचा रहिवासी नुसत्या एल्कचा परवाना ९ डॉलरला घेऊ शकत होता, तर बाहेरच्याला २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. १९७८ साली कोर्टाने सांगितलं की एल्कची शिकार हा करमणुकीचा खेळ आहे, मूलभूत हक्क नाही, तेव्हा राज्याने फरक केला तर चालेल. त्या निकालाने राज्यांच्या हातात दरवाढीची किल्ली आली. बाहेरच्या माणसाला त्या राज्यात मत नसतं, त्यामुळे दर वाढवून कुठल्याही आमदाराची खुर्ची हलत नाही. खात्यांचा खर्च मुख्यतः परवान्यांच्या पैशातून चालतो आणि त्यातला मोठा वाटा हे बाहेरचेच भरतात. दरवाढीवर चिडणारे खात्याला शिव्या देतात, पण खात्याला दुसरं दुभतं जनावर दिलंय कुणी?

गळ चालतो, बंदूक चालत नाही

वायोमिंगचा आणखी एक नियम ऐकला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली. केंद्र सरकारने 'विल्डरनेस' म्हणून राखलेल्या डोंगराळ भागात बाहेरच्या राज्यातला माणूस एकटा जाऊ शकतो. तंबू ठोकू शकतो, मासे पकडू शकतो, आठवडाभर भटकू शकतो. पण एल्कसारखं मोठं जनावर मारायचं असेल तर सोबत परवानाधारक वाटाड्या पाहिजे, नाहीतर वायोमिंगचाच एखादा रहिवासी सोबतीला पाहिजे. कारण सांगतात सुरक्षिततेचं. म्हणजे गळ घेऊन गेलात तर अस्वल काही करत नाही, बंदूक घेऊन गेलात की करतं!

वाटाड्यांच्या धंद्याला तिकडे आउटफिटर म्हणतात. घोडे, तंबू, स्वयंपाकी आणि जनावर कुठे सापडेल याची माहिती मिळून आठवड्याचे साताठ हजार डॉलर सहज होतात. चांगल्या खासगी जमिनीवर त्याच्या दुप्पट.

बांध, सातबारा आणि बंद फाटक

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. टॅग मिळाला तरी जनावरापर्यंत पोचायचं कुठून?

१९८० च्या दशकात शेजारी वायोमिंगमधल्या लॅरमीजवळच्या एका रान्चवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या खासगी जमिनीवर, जायचे. उन्हाळ्यात जाऊन दार ठोठवायचं, मालकाशी गप्पा मारायच्या, शिकारीला येऊ का विचारायचं. मालकाच्या गोठ्याचं वायरिंग जुनं होतं, ते यांनी दोन शनिवार-रविवार खपून नवीन करून दिलं. त्यावर पंधरा वर्षं त्यांना त्या रानात मोकळीक होती. मालक गेला, मुलांनी जमीन विकली. पुढच्या वर्षी गेले तर फाटकाला आकडे दाबायचं कुलूप आणि बाजूला आउटफिटरची पाटी. वायरिंग अजून तेच असेल, असं ते दरवेळी म्हणतात.

पश्चिमेत अशा जमिनींची किंमत आता गुरांवर ठरत नाही. गुरं पाळून जेवढं मिळतं त्यात जमिनीचं व्याजही सुटणार नाही. किंमत ठरते ती डोंगराच्या देखाव्यावर, ओढ्यातल्या ट्राउटवर आणि एल्कच्या कळपावर. जो घेतो त्याचा पैसा दुसरीकडून आलेला असतो, तेलातून, औषधांतून, सॉफ्टवेअरमधून. त्याला शेजारधर्माची गरज नाही. आणि जुना रान्चर टिकून असेल तर त्याच्यापुढे आउटफिटर भाडेपट्टा घेऊन उभा असतो. हिवाळ्यात शंभर एल्क येऊन गवताच्या गंज्या फस्त करतात, कुंपणं मोडतात. आपल्याकडे रानडुकरांनी भुईमूग उपटला की शेतकऱ्याची जी अवस्था होते तीच. त्याने चार पैसे घेतले तर मला राग येत नाही.

एल्कही हुशार. हंगामाची पहिली गोळी वाजली की कळप सरकारी रानातून निघून, जिथे शिकार कमी होते अशा खासगी जमिनीवर जाऊन बसतो. मग सरकारी रानात शिकारी जास्त आणि जनावर कमी, खासगी रानात उलटं. त्यामुळे खासगी जमिनीचा दर आणखी चढतो. कळप कमी होत नाही म्हणून खातं टॅग वाढवतं, ते टॅगवाले पुन्हा सरकारी रानात गर्दी करतात, आणि एल्क पुन्हा कुंपणापलीकडे.

काही राज्यांनी तर जमीनमालकांच्या हातातच टॅग दिलेत. न्यू मेक्सिकोत खासगी जमिनीवर एल्कला जागा दिल्याबद्दल मालकाला अनुमतीपत्रं मिळतात आणि ती तो हव्या त्या भावाने कुणालाही विकू शकतो. यूटामध्ये मोठ्या जमिनी एकत्र करून केलेल्या क्षेत्रांत नरांच्या टॅगचा बहुतांश वाटा मालकांकडे जातो आणि थोडा जनतेच्या सोडतीत. जनावर विकलं असं कुणी म्हणू शकत नाही. विकला तो कागद. या कागदांचे भाव हजारो डॉलरमध्ये असतात, आणि तिथे गुणही लागत नाहीत, रांगही लागत नाही.

मोंटानाने उलटी वाट धरली. तिथे 'ब्लॉक मॅनेजमेंट' नावाची योजना आहे. सरकार मालकाला पैसे देतं, मालक शिकाऱ्यांना फुकट सोडतो. सुमारे सत्तर लाख एकर जमीन अशी उघडी आहे. चांगली योजना, पण आउटफिटर जेवढे देतो तेवढे सरकार देऊ शकत नाही, म्हणून सर्वात चांगली रानं तिच्यात फारशी येत नाहीत.

एक शिडी आणि सत्तर लाख डॉलर

लॅरमीहून रॉलिन्सला जाताना महामार्गावरून डावीकडे एक एकटा डोंगर दिसतो. त्याचं नाव एल्क माउंटन, उंची सुमारे ३,४०० मीटर. मी दोनदा तिथून गेलोय, वारा असा की गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. या डोंगरावरच्या एका कोपऱ्याने चार वर्षं कोर्ट गाजवलं.

तिथली जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी आहे. १८६२ च्या कायद्याने पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना एकआड एक चौरस मैलाचे चौकोन बक्षीस मिळाले. मधले चौकोन सरकारने स्वतःकडे ठेवले, रेल्वे आली की त्यांचा भाव वाढेल म्हणून. रेल्वेने आपले चौकोन विकले, सरकारचे राहिले. आता पटावर काळे चौकोन एका मालकाचे आणि पांढरे जनतेचे असतील, तर पांढऱ्यावरून पांढऱ्यावर कसं जाणार? ते फक्त कोपऱ्याला कोपरा लावून भेटतात. तो कोपरा ओलांडताना पाय जमिनीला लागला नाही, तरी खांदा काळ्या चौकोनाच्या हवेतून जातो. ती हवासुद्धा माझी, असं मालकाचं म्हणणं.

आपल्याकडे शेताला वाट नसेल तर तहसीलदाराकडे जाता येतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून रस्ता मागायची सोय देतं, आणि अडवलेली वहिवाट मोकळी करायला १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा आहे. खटला वर्षानुवर्षं चालतो, भावकी तुटते, पण निदान दरवाजा आहे. एल्क माउंटनवर सगळ्या जनतेची जमीन होती आणि जनतेला बांधावरून जायची वाट नव्हती.

मिसूरीतल्या काही शिकाऱ्यांनी २०२० मध्ये मालकाने कोपऱ्यावर ठोकलेले पाटीचे खांब धरून, शरीर फिरवून पलीकडे उडी मारली. २०२१ मध्ये ते चौघे आले, आणि सोबत इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची घरगुती शिडी घेऊन आले. एका सरकारी चौकोनातून चढले, दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरले. मालकाची माती कुठेही तुडवली नाही. फौजदारी खटला झाला, एप्रिल २०२२ मध्ये ज्यूरीने चौघांना निर्दोष सोडलं. पण मालकाने दिवाणी दावाही लावला होता, आणि त्यातला एक आकडा मला अख्ख्या प्रकरणाहून बोलका वाटतो. लोकांनी असे कोपरे ओलांडले तर रान्चची किंमत सत्तर लाख डॉलरहून जास्त उतरेल, असं म्हणणं मांडलं होतं.

रान्चच्या हद्दीत अडकलेली जनतेची जमीन मालकाने विकत घेतली नव्हती. तिचा कर तो भरत नव्हता. तरी जनता तिच्यावर येऊ शकत नाही, याचे पैसे रान्चच्या किमतीत धरलेले होते. इतकी वर्षं जे कुजबुजत बोललं जायचं ते त्या दाव्याने कागदावर आणलं, आणि तेही मालकाच्याच बाजूने.

मे २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे सहा राज्यांवर अधिकार असलेल्या, अपील कोर्टाने तो कायम केला. आधार घेतला १८८५ च्या एका कायद्याचा, जो सरकारी जमिनीला कुंपण घालून अडवणाऱ्या बड्या पशुमालकांना रोखण्यासाठी केला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला. त्यामुळे वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा या सहा राज्यांत खासगी जमिनीला पाय न लावता कोपरा ओलांडता येतो. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं, तिथलं खातं अजूनही हे बेकायदा मानतं.

कोपरा नेमका कुठे आहे हे त्या चौघांना फोनवर दिसत होतं, हेही लक्षात घ्यायला हवं. मोंटानातल्या मिझूला गावात सुरू झालेल्या ऑनएक्स या अ‍ॅपवर प्रत्येक तुकड्याच्या हद्दी आणि मालकाचं नाव येतं, सातबारा आणि गाव नकाशा खिशात घेऊन फिरल्यासारखं. याच कंपनीने २०२२ मध्ये हिशेब मांडला, की पश्चिमेतली ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन निव्वळ अशा कोपऱ्यांमुळे अडकून पडली आहे. अ‍ॅपची वर्गणी अर्थातच वेगळी. पूर्वी रान्चरच्या स्वयंपाकघरात बसून फुकट मिळणारी माहिती आता वर्षाच्या दराने मिळते.

जिथे कोपराही नाही तिथे लोक आणखी पुढे जातात. मोंटानातल्या डर्फी हिल्स या सरकारी टेकड्या टेक्सासच्या विल्क्स बंधूंच्या रान्चने वेढलेल्या आहेत. तिथे सामान्य शिकारी छोट्या विमानाने उतरतात. जनतेच्या जमिनीवर जायला जनतेला विमान भाड्याने घ्यावं लागतं.

लिलावाबद्दल थोडं

बातम्यांत मात्र गाजतात लिलाव. राज्यं डोंगरी मेंढ्यासारख्या जनावरांचे एखाददोन टॅग बाजूला काढून संस्थांमार्फत लिलावाला लावतात. २०१३ मध्ये मोंटानाच्या एका मेंढ्याच्या टॅगला ४,८०,००० डॉलर आले. नियम साधारण असा, की तो पैसा मुख्यतः त्याच जनावराच्या कामी लागतो, रोगराई तपासायला, कळप नव्या डोंगरात हलवायला.

लोक यावर सर्वात जास्त चिडतात. मला हा प्रकार त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. टॅग एक, बोली जाहीर, पैसा कुठे गेला ते विचारता येतं. फाटकाची किल्ली विकली जाते तेव्हा कुठे बोली लागते, आणि मेंढ्याला त्यातलं काय मिळतं?

याच धर्तीवर पाकिस्तानात गिलगिट-बाल्टिस्तान आणि चित्रालमध्ये मारखोर या डोंगरी बोकडाचे मोजके परवाने लिलावात जातात. एकेका परवान्याला लाखाच्या वर डॉलर मिळतात आणि त्यातले ऐंशी टक्के त्या खोऱ्यातल्या गावांना. गावकरीच मग चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवतात. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेने तर उघडच वेगळा मार्ग घेतला आणि जनावरावरचे हक्क जमीनमालकाला दिले. नामिबियाच्या एका काळ्या गेंड्याच्या परवान्याला २०१४ साली डॅलसच्या लिलावात ३,५०,००० डॉलर मिळाले आणि जगभर गदारोळ झाला. तिथे निदान कुणी 'हे जनतेचं' म्हणून फुकट असल्याचा आव आणत नाही.

आपल्याकडचा इतिहासही फार वेगळा नाही. स्वातंत्र्यानंतर वीसेक वर्षं वनखातं जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडून ठरावीक दिवसांसाठी द्यायचं, आणि मध्य भारतात शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांसाठी ते ब्लॉक घेऊन वाघाची शिकार घडवायच्या. मचाण, हाका, तंबू, खानसामा, सगळं दरात धरलेलं. १९७० च्या वाघांच्या शिकारबंदीने आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दुकान बंद झालं. मात्र ताडोबाच्या सफारीचं बुकिंग उघडल्या मिनिटाला संपतं, बफरमधल्या रिसॉर्टचे दर वाघिणीच्या बछड्यांबरोबर वाढतात, तेव्हा मला त्या फाटकाची आठवण येते. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. रांग, दर आणि वाटाड्या ओळखीचे आहेत.

पॅडवरचा हिशेब

शेजाऱ्यांनी लिहून दाखवलेला हिशेब असा होता. महागडा टॅग १,९५० डॉलर. त्याआधीच्या वर्षांत दर हिवाळ्याआधी एक गुण विकत घेतला, ५२ डॉलरला एक. हो, गुणही विकत मिळतो, त्या वर्षी सोडतीत उतरायचं नसलं तरी. मग अ‍ॅपची वर्गणी, डिझेल, आणि मांस कापून पॅक करून देणाऱ्याचे पैसे. बंदूक जुनीच, वडिलांची. खाली बेरीज मारून त्यांनी ती किलोने भागली आणि पॅड उलटा ठेवला. "बायकोला दाखवू नका," म्हणाले.

कोपऱ्याचा निकाल कायम झाला त्या आठवड्यात ते फोन घेऊन आले होते. एल्क माउंटनच्या पलीकडच्या एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, हा आम्ही लहानपणापासून लांबून बघतोय. मी म्हटलं, मग जा की यंदा. त्यांनी गुडघा दाखवला, जानेवारीत ऑपरेशन आहे. शिडी चढून उतरायचं, वर शंभर किलो मांस चार फेऱ्यांत खांद्यावरून आणायचं, आता कोण आणणार?

गुण मात्र ते अजून घेतात. दोन वर्षं लागोपाठ काहीच केलं नाही, तर साठलेले सगळे जातात. त्यांच्या मुलीला गेल्या वर्षापासून शिकारीचा नाद लागलाय. तिने खात्याच्या कार्यालयात फोन करून विचारलं, वडिलांचे गुण माझ्या नावावर करता येतील का. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, नाही, गुण वारसाने मिळत नाहीत. तिने फोन ठेवला, लॅपटॉप उघडला आणि ५२ डॉलर भरून स्वतःचा पहिला गुण घेतला.